माती कोणाच्या स्वाधीन

ईश्वरदास वैशाखात गेला, आणि वैशाखात नागपुरात मेलेलं माणूस फार वेळ घरात ठेवता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी त्याची माती अडवून धरायला दोन्हीकडचे लोक आले. चंद्रकलाला राग आला तो याचा. माणूस तापानं फणफणत होता तेव्हा ज्यांनी उंबऱ्याला पाय लावला नाही, ते तो गेल्यावर सावली बघून बसले होते.

स्वराज्य येऊन चार वर्षं झाली होती. तांडापेठेत ईश्वरदासचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल. नवराबायको दोघंही जातीनं कोष्टी. देवकी, त्यांची एकुलती एक लेक, पाळण्यात होती तेव्हा दोघांनी बाप्तिस्मा घेतला. कोणी म्हणालं दवाखान्याच्या लोभानं घेतला, कोणी म्हणालं पोरीच्या शाळेसाठी. खरी गोष्ट एवढीच होती, की बाजारात उभ्या राहिलेल्या एका प्रचारकाच्या तोंडून येशूची कथा ऐकून ईश्वरदासला रडू कोसळलं होतं, आणि घरी येऊन मागावर बसला तरी ते थांबेना. जातीनं हुक्कापाणी बंद केलं. म्हातारी आई "तू मले मेला" म्हणून पारशिवनीला भावाकडे निघून गेली. गेली खरी, पण दर संक्रांतीला येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती तिळाचे लाडू धाडायची.

ती म्हातारी मागच्या पौषात वारली. भाऊ तिच्या आधीच गेलेला. तोंडात पाणी घालायला कोणी नाही, आग द्यायला कोणी नाही. ईश्वरदास पारशिवनीला गेला, डोकं भादरलं, खांद्यावर मडकं घेतलं आणि आईला आग दिली. रविवारी तुळतुळीत डोक्यानं तो चर्चमध्ये आपल्या जागेवर येऊन बसला.

तिथूनच सगळं बिनसलं. मंडळीचा, म्हणजे चर्चच्या लोकांचा, कारभार वडीलमंडळाच्या हाती होता आणि वडीलमंडळ दत्तोपंत मास्तरांच्या. दत्तोपंत मंडळीच्या शाळेचे हेडमास्तर. जन्मानं नागपुरातल्याच महाल भागातल्या ब्राह्मणाच्या घरचे. तरुणपणी ख्रिस्ती झाले तेव्हा बापानं त्यांच्या नावानं जितेपणी श्राद्ध घातलं, आणि पुढे बाप वारला तेव्हा दत्तोपंत त्या बाजूला फिरकलेसुद्धा नाहीत. ही गोष्ट ते उपदेशातून वरचेवर सांगत. सांगताना त्यांचा आवाज चढायचा, पण डोळे खालीच राहायचे.

हिंदू रीतीनं आग दिली म्हणून वडीलमंडळानं ईश्वरदासला प्रभुभोजनातून बंद केलं. सगळ्यांसमोर उभा राहा, पाप कबूल कर, मग परत घेऊ.

"मायले आग देल्ली, मास्तर," ईश्वरदास म्हणाला, "येशूले नाही सोडलं. कबूल काय करू?"

मग तो शेवटच्या बाकावर बसू लागला. प्रभुभोजनाच्या भाकरीची ताटली त्याच्या नाकासमोरून पुढे जायची. त्यानं कधी तक्रार केली नाही. तक्रार करायची ती चंद्रकला. घरी येऊन भांडी आदळायची. तो म्हणायचा, "राहू दे वं. त्याईच्या हातची नाही भेटली म्हणून काय झालं." चैत्र सरता सरता त्याला विषमज्वरानं धरलं. वैशाखातल्या एका पहाटे तो गेला.

दिवस वर येतो न येतो तोच भैयाजी आला. ईश्वरदासचा चुलतभाऊ, गल्लीतल्या जातपंचातला मोठा. त्याच्याबरोबर चार माणसं होती, आणि बैलगाडीत लाकडं होती. चंद्रकलानं पदर डोक्यावर ओढला आणि दारात उभी राहिली.

"सूनबाई, झालं गेलं ते गेलं," भैयाजी म्हणाला. "जातीनं त्याले पदरात घेतलं आहे. मायले आग देऊन तो आपल्यात वापस आलाच होता. तू फक्त चार लोकाईत एवढं म्हण, का मरताना तो आपल्या धर्मात होता. बाकी सारं मी पाहतो."

"तो नव्हता आला वापस."

"अवं, मेलेला माणूस काय सांगाले येते?"

"येत नाही म्हणूनच मी सांगून राहिली."

"पाह्य, तुहं हुक्कापाणी उघडन. पोरीचं लगन जातीत होईन. सारी उमर अशीच एकटी काढतं काय?"

चंद्रकला उंबऱ्याबाहेर आली. "भैयाजी, तापात तो पाणी पाणी करत होता. आमच्या घरातलं सरलं होतं. तुमची विहीर या भितीच्या त्या अंगाले आहे. देवकीनं घागर घेऊन हाक मारली. तुमच्या घरातून कोन आलं? आज लाकडं भरून आणले! जित्या माणसाले पाणी नाही अन् मेल्याले गाडीभर लाकूड?"

भैयाजीनं मान दुसरीकडे फिरवली. पण गेला नाही. समोरच्या कडुनिंबाखाली माणसं घेऊन बसला. उन्हं वाढली की बाई नमेल, हा त्याचा हिशेब.

थोड्या वेळानं दत्तोपंत आले. पांढरा कोट, हातात छत्री. मागून मंडळीचा तरुण पाळक, चर्चचा धर्मगुरू शरच्चंद्र, सायकल हातानं ढकलत. वर्षभरापूर्वीच नेमणूक झालेला, वडीलमंडळासमोर घसा खाकरल्याशिवाय न बोलणारा. देवकीनं खुर्ची बाहेर आणली. दत्तोपंत ओट्यावर भिंतीच्या सावलीत बसले.

"चंद्रकलाबाई, प्रभूनं दिलं, प्रभूनं नेलं," ते म्हणाले. "कबरस्थानात जागा आहे, नाही असं नाही. पण मंडळीला शिस्त असते. ईश्वरदास शिक्षा चालू असताना गेला. तुम्ही कबरेपाशी सर्वांसमोर एवढंच म्हणायचं, की माझ्या नवऱ्यानं केलं ते पाप होतं आणि मंडळीनं क्षमा करावी. एक वाक्य. मग सगळं रीतीनं होईल."

"अन् नाही म्हटलं तं?"

"हट्ट करू नका. ख्रिस्ती जीवन म्हणजे काय? समर्पण. आपलं मीपण वधस्तंभावर खिळायचं. इतकी वर्षं मंडळीत काढलीत, एवढंही शिकला नाहीत?"

समर्पण! हा शब्द चंद्रकलाला चांगलाच ओळखीचा होता. मंडळीतल्या बायकांनी विहिरीवर नवा दोर मागितला, तेव्हा समर्पण. यमुताईला तिच्या नवऱ्यानं पट्ट्यानं फोडून काढली आणि ती रडत वडीलमंडळापुढे आली, तेव्हा तिला समर्पण. नवऱ्याला नाही, तिला. ज्याच्या हातात काठी त्यानं हा शब्द बोलायचा आणि ज्याच्या पाठीवर वळ त्यानं तो ऐकायचा. येशूनं आपला जीव दिला तो काय दत्तोपंतांना असा सोयीचा शब्द मिळावा म्हणून?

"पाळकसाहेब," ती शरच्चंद्रकडे वळली, "तुमी त्याले सणासुदीले भेटत होते. तुमीबी काही बोलसान का?"

शरच्चंद्रनं घसा खाकरला. हॅण्डलवरचा हात उगाच घट्ट केला. "वडीलमंडळाचा निर्णय आहे, बाई."

"आणि आणखी एक," दत्तोपंत हळूच म्हणाले. "देवकी आमच्या शाळेत शिकवते. शिक्षा न फिटलेल्या घरातली शिक्षिका मंडळीला चालेल का, याचाही विचार करा. मी तिच्या भल्यासाठी सांगतोय."

चंद्रकला आत गेली. देवकी तिच्यामागे आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"आई, म्हणून टाक ना," ती म्हणाली. "एक वाक्य तर आहे. बाबांना आता काय फरक पडणार आहे? ऊन पाहा किती झालं. लोक नाकाला पदर लावायला लागले तर?"

"तुह्या बापाले पापी म्हणू?"

"मग काय करणार आहेस? त्यांना कुठे नेणार आहेस?" देवकीचा आवाज फाटला. "माझी शाळा गेली तर काय करायचं, तेही सांग!"

चंद्रकलानं लेकीला तुळजाबाईला बोलवायला पाठवलं. तुळजाबाई ही मंडळीतली म्हातारी, बायकांना घरोघर शास्त्र सांगत फिरणारी, मागल्या गल्लीत राहायची. मग चंद्रकलानं दार लोटून घेतलं. मागाशेजारी चटईवर ईश्वरदास होता. अंगावर त्यानंच विणलेलं धोतर. ती जवळ बसली आणि ओलं फडकं त्याच्या कपाळावर ठेवलं.

"तू पाहून राहिला ना?" ती देवाला म्हणाली. तिची प्रार्थना नेहमी अशीच असायची, शेजारणीशी भांडल्यासारखी. "एक म्हणते तो आमचाच होता. दुसरा म्हणते आमचा होईन, पण नाक घासून. अन् दोघाईले माह्या तोंडून एक खोटं पाहिजे. तेबी तुहं नाव घेऊन मागतात! लाज नाही वाटत तुले? समर्पण कर म्हणतात. मी काय कमी केलं? बापानं देल्ली त्या घरी आली. जातीनं हाकललं, निघाली. नवऱ्याची ताटली पुढं गेली, गप बसली. आता याची मातीबी देऊ? मंग माह्यापाशी राहिलं काय?"

कौलांतून ऊन खाली गळत होतं. बाहेर कोणीतरी तंबाखू मागत होतं. तिनं बोलणं थांबवलं आणि तिच्या ध्यानात आलं, की आपण धोतराचा काठ मुठीत गच्च धरून ठेवलाय. नखं तळहातात रुतली होती.

मी काय धरून बसली आहे? तिनं स्वतःलाच विचारलं, आणि खरं उत्तर द्यायचं ठरवलं. ईश्वरदास तर गेला होता. तिनं धरलं होतं कबरस्थान. त्यातली चिंचेखालची जागा, वर दगड, सगळी मंडळी उभी, आणि दत्तोपंत टोपी काढून खाली मान घालून उभे. हे तिला हवं होतं. पहाटेपासून हेच डोळ्यांपुढे होतं. आणि दुसऱ्या हातात तिनं धरली होती देवकीची शाळा. याच दोन गोष्टींना पकडून ते तिला ओढत होते. बाहेरच्या माणसांच्या हातातल्या दोरीचं दुसरं टोक तिच्याच मुठीत होतं.

तिला तुळजाबाईनं सांगितलेली, येशूच्या मरणाच्या आदल्या रात्रीची बागेतली गोष्ट आठवली. तो बापापुढे, म्हणजे देवापुढे, पालथा पडला. घाम गळला. नको नको म्हणाला. शेवटी म्हणाला, तुझ्या मनात असेल तसं कर. दत्तोपंतांचा उपदेश नेहमी इथंच संपायचा. पण गोष्ट इथं कुठे संपते? तो उठला होता. उठून याजकांपुढे गेला, सुभेदारापुढे गेला, आणि त्यांना हवा असलेला एक शब्दसुद्धा त्यांना दिला नाही. बापापुढे सपशेल पडला तो माणसांपुढे पडला नाही. हे दत्तोपंतांनी का नाही कधी सांगितलं? आणि पुरला तो कुठे? दुसऱ्याच्या कबरेत. त्याला तरी कुठे स्वतःची जागा होती!

चंद्रकला जमिनीवर पालथी झाली. शेणानं सारवलेल्या भुईला कपाळ टेकलं.

"घे," ती म्हणाली. "हा घे. याची माती तू पाडशील तिथं पडू दे. कबरस्थान नको. चिंच नको. मास्तरनं मान खाली घातली पाहिजे, तेबी नको. माह्यं नाव जाते तं जाऊ दे. अन्..."

इथं ती अडली. आपलं सगळं देता येतं, लेकराचं देता येत नाही. ती तशीच पडून राहिली, धापा टाकत, बाळंतपणात अडलेल्या बाईसारखी.

"अन् देवकी," ती अखेर म्हणाली. "देवकी तुह्या स्वाधीन. मी तुह्या स्वाधीन."

तिला वाटलं होतं, चोरांनी धुऊन नेलेल्या घरासारखं आता आत सगळं रिकामं वाटेल. तसं काही झालं नाही. तिला तहान लागली. पहाटेपासून तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ती उठून माठातलं पाणी प्यायली, पोटभर. छातीवरचा दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. राग होता, तो तसाच धगधगत होता. उलट आता तो नीट दिसत होता.

तिनं दार उघडलं आणि ओट्यावर आली. निंबाखालची माणसं उठून उभी राहिली. दत्तोपंतही उठले. दोघांनाही वाटलं, बाई आपल्या बाजूनं बोलणार.

"मी याले नदीपलीकडं नेऊन राहिली," ती म्हणाली. "बेवारस माणसं पुरतात तिथं."

भैयाजी ओरडला, "भिकारी अन् रोगी गाडतात तिथं? कोष्ट्याच्या पोराले?"

"हो. तिथं कोनी काही म्हणाले लावत नाही."

"चंद्रकलाबाई, हा शुद्ध अहंकार आहे," दत्तोपंत म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मंडळीची अब्रू चव्हाट्यावर मांडताय तुम्ही. मी तुम्हाला समर्पण करायला सांगितलं होतं."

"केलं, मास्तर. आताच करून आली." ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "पण ते तुमच्या पायावर नाही केलं. ज्याच्या पायावर करावं लागते त्याच्या पायावर केलं. तुमी त्याची जागा घेऊन बसले होते, अन् मीबी इतके दिवस तुमालेच भ्यायली. देवकीची शाळा घ्याची तं घ्या. मी तिले देवाच्या हाती देल्ली आहे, तुमच्या हाती ती आता नाही."

"सांभाळून बोला!"

"एक बोलते, मंग नाही बोलत. तुमच्या बापाच्या मातीले तुमाले जाता नाही आलं. ते दुःख लहान नाही, मास्तर, मी बाई आहे, मले समजते. पण माह्या नवऱ्याले जाता आलं. त्याचा राग तुमी याच्या मढ्यावर काहून काढता?"

दत्तोपंतांचा लाल चेहरा पार उतरला. ते खुर्चीवर बसले नाहीत, खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

निंबाखालून एक माणूस पुढे आला. कवडू. शेजारच्याच घरात त्याचा माग. वर्षानुवर्षं तो आणि ईश्वरदास भिंतीतून एकमेकांशी बोलत विणायचे. भैयाजीबरोबर तो पंचाच्या धाकानं आला होता.

"भाभी, सबल अन् फावडं माह्या घरी आहे," तो म्हणाला.

"कवड्या, गेला तं तुहंबी बंद!" भैयाजी गरजला.

"करा बंद. दोस्ताले खांदा देऊन राहिलो, धर्म नाही बदलून राहिलो." त्यानं आपल्या भावाला हाक मारली. भाऊ जरा घुटमळला, मग आला.

खाटेवर ईश्वरदासला ठेवलं. मागचे दोन पाय कवडूनं आणि त्याच्या भावानं धरले. पुढे कोणी नव्हतं. चंद्रकलानं पदर खोचला आणि पुढचा एक पाय उचलून खांद्यावर घेतला. देवकी तुळजाबाईबरोबर आली होती, ती दारात थिजून उभी होती. आईनं तिला हाक मारली नाही. तीच आली, ओठ घट्ट मिटून, आणि दुसरा पाय उचलला. गल्लीतल्या बायका दारंखिडक्यांतून बघत होत्या. बायकांच्या खांद्यावरून मढं निघालेलं तांडापेठेनं कधी पाहिलं नव्हतं. म्हातारी तुळजाबाई पुढे झाली आणि फाटक्या आवाजात गाऊ लागली. तिला धाप लागत होती, तरी ती थांबली नाही.

गोळीबार चौकाच्या वळणावर मागून सायकल आपटल्याचा आवाज आला. शरच्चंद्र धावत येत होता. सायकल त्यानं तशीच रस्त्यात टाकून दिली होती. त्यानं देवकीच्या खांद्यावरचा पाय आपल्या खांद्यावर घेतला. त्याच्या पांढऱ्या झग्याला घामानं डाग पडले होते.

"वडीलमंडळाचा निर्णय आहे ना?" चंद्रकलानं विचारलं. तिच्यानं राहवलं नाही.

"आहे," तो म्हणाला. या वेळी त्यानं घसा खाकरला नाही.

नदीपलीकडची जमीन मुरमाड होती. सबलीचं लोखंड आपटलं की ठिणगी निघायची. कवडू, त्याचा भाऊ आणि पाळक आळीपाळीनं खणत होते. आजूबाजूला नावं नसलेले उंचवटे होते, काहींवर काटे टाकलेले, काही कुत्र्यांनी उकरलेले. देवकीनं ते पाहिले आणि तोंड फिरवलं. ईश्वरदासला खाली ठेवल्यावर शरच्चंद्रनं प्रार्थना केली. त्यात पाप हा शब्द नव्हता. आपल्या आईवर प्रेम करणाऱ्या मुलाबद्दल त्यानं देवाचे आभार मानले, आणि तुळजाबाईनं आमेन म्हटलं.

या सगळ्याची किंमत द्यावी लागली. देवकीची शाळा सुटली; दत्तोपंतांनी दिलेला शब्द पाळला. ती महिनाभर आईशी धड बोलली नाही. बापाच्या मागावर बसायची आणि धोटा असा फेकायची की कवडू भिंतीपलीकडून ओरडायचा, "पोरी, सूत तुटन वं!" दिवाळीनंतर तिला सरकारी मुलींच्या शाळेत काम मिळालं, घरापासून लांब, पण मिळालं. कवडूचं हुक्कापाणी वर्षभर बंद राहिलं. शरच्चंद्रला वडीलमंडळानं उमरेडकडच्या एका खेड्यात धाडायचं ठरवलं. जायच्या आधी तो भेटायला आला, तेव्हा पहिल्यांदाच चंद्रकलाच्या चुलीपुढे पाटावर बसून पोटभर जेवला.

पावसाळा संपता संपता दत्तोपंत स्वतः घरी आले. शहरभर बोभाटा झाला होता, आणि इतर मंडळ्यांचे लोकही विचारू लागले होते.

"मंडळीनं मोठ्या मनानं ईश्वरदासला माफ केलं आहे," ते म्हणाले. "त्याला तिथून काढून आपल्या कबरस्थानात आणू. चिंचेखाली जागा ठेवली आहे."

चंद्रकलाला हसू आलं. आणि त्याच वेळी संतापही आला, इतका की हातातलं सूप तिनं खाली ठेवलं. "माफ? कोणाले माफ, मास्तर? मायले आग देल्ली म्हणून?"

"आता तरी वाद नको."

"वाद नाही. तो तिथं बरा आहे. त्याच्या शेजारी जे लोक आहेत त्याईच्यासाठी कोनी रडलं नाही. आता मी दर आठवड्याले जाते, तं त्याईच्यासाठीबी दोन शब्द बोलते. त्याले हलवू नका." मग जरा थांबून तिनं विचारलं, "पाणी घेसान? ऊन आहे."

दत्तोपंतांनी पाणी घेतलं नाही.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी चंद्रकला चर्चमध्ये गेली आणि शेवटच्या बाकावर, ईश्वरदासच्या जागेवर बसली. बायकांची बाजू सोडून. कुजबुज झाली. भाकरीची ताटली दत्तोपंतांच्या हातात होती. एकेक बाक ओलांडत ते तिच्यापर्यंत आले आणि थांबले. तिला बंद केल्याचं कोणी जाहीर केलं नव्हतं, पण माफीही तिनं मागितली नव्हती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, हात पुढे केला आणि तुकडा उचलून घेतला. मग ते पुढे गेले.

उपासना संपल्यावर सगळे बाहेर पडत होते. पायऱ्यांवर दत्तोपंत छत्री उघडत उभे होते. ती त्यांच्यासमोर थांबली.

"सलाम, मास्तर," मंडळीत एकमेकांना म्हणतात तसं ती म्हणाली. "पुढच्या रविवारीबी येईन. अन् यमुताईलेबी आणीन. तिच्या नवऱ्याबद्दल वडीलमंडळाशी बोलाचं आहे."

दत्तोपंतांनी छत्री अर्धवट उघडी धरली. "या," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "सलाम."